बुटाच्या नाडीवरून शाळेची पारख

लेक चार वर्षांची झाली तेव्हा दुबईत अल कुसैसमधल्या आमच्या घरात शाळेवरून दोन पक्ष पडले. आमच्या ह्यांना हवा होता रिझल्ट. एका इंडियन शाळेच्या भिंतीवर दहावीच्या शंभर टक्के निकालाचा भलामोठा बॅनर दिसला आणि हे गाडीतच खूश. खलास, हीच शाळा, म्हणाले. मला एवढंच हवं होतं की वर्गात एक तरी मराठी पोर असावं.

कारण आमच्या बाईसाहेबांना मराठीशिवाय काही म्हणजे काही येत नव्हतं. त्यात लाजाळू. शू लागली तरी परक्या माणसाला सांगायच्या नाहीत, पाय आवळून उभ्या राहायच्या आणि मग व्हायचं ते व्हायचं. सुपरमार्केटमध्ये बिस्किटांच्या पुड्यांसमोर एकदा झालंच होतं. वर्गात तसं झालं, पोरं हसली, की ही पुन्हा शाळेचं नाव काढणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ह्यांना म्हटलं, "चार वर्षांच्या पोरीने तुमचे शंभर टक्के काय चाटायचेत?"

शाळेच्या ऑफिसात विचारलं, मराठी मुलं किती? क्लार्क म्हणाला, मॅडम, सब इंडियन है. घ्या! एवढं तर मलाही दिसत होतं.

मग मी माझीच एक युक्ती काढली. केजी सुटायच्या वेळी गेटजवळ जाऊन उभी राहिले. मुलांची रांग बाहेर आली तशी मोठ्याने, कोणाकडेच न बघता म्हटलं, "अगं, बुटाची नाडी सुटलीय!" ज्याला मराठी कळतं ते पोर खाली बघणारच, असा माझा हिशेब. एकानेही बघितलं नाही. मी आणखी जोरात ओरडले. पोरं आपली बसकडे चालली होती. वॉचमन मात्र माझ्याकडे यायला लागला. यल्ला, यल्ला, म्हणजे चला, चला, म्हणत त्याने मला हातानेच बाजूला व्हायला सांगितलं.

एवढ्यात प्रिन्सिपॉल बाहेर आल्या. कॉटनची कडक साडी, कपाळावर चंदनाचं बोट. ह्या केरळच्या, मी मनात म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडे बघितलं आणि आत निघून गेल्या. मला वाटलं, रागावल्या.

घरी येऊन जाहीर केलं, त्या शाळेत औषधालाही मराठी नाही. पण ह्यांनी तोवर इंटरव्ह्यूची वेळ घेऊन टाकली होती. मी दोन दिवस धुमसत होते.

इंटरव्ह्यूला प्रिन्सिपॉलनी गोड आवाजात इंग्रजीत नाव विचारलं. लेक गप्प. रंग विचारला. गप्प. हे टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावत होते, जसं काही उत्तर मीच द्यायचं होतं. आणि मग लेक माझ्या कानाशी येऊन, पण सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आई, शू."

मी उठेपर्यंत प्रिन्सिपॉल उठल्या होत्या. "चल बाळा, मी नेते," म्हणाल्या आणि तिचा हात धरून चालू लागल्या. आमची लाजरी मुकाट्याने गेलीसुद्धा. परत आल्यावर त्या म्हणाल्या, लहानपण सगळं खडकीत गेलं, वडील तिथे कारखान्यात होते. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या दिवशी नाडी-नाडी करत होत्या, त्या तुम्हीच ना?" मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

ॲडमिशन मिळाली. पण प्रिन्सिपॉल काही रोज बाथरूमला न्यायला येणार नव्हत्या. माझी काळजी होती तिथेच होती.

पुढे युनिफॉर्मच्या दुकानात गेलो. दुकानदाराने केजीचे काळे बूट समोर ठेवले आणि मी कपाळावर हात मारून घेतला. नाडीच नव्हती! नुसती चिकटपट्टी. पोरं खाली बघतील कशाला? हे इतके हसले की दुकानदारालाही सगळी गोष्ट सांगून आले.

पहिल्या दिवशी शाळा सुटायच्या आधीपासून मी गेटवर हजर. पिशवीत तीन कोऱ्या चड्ड्या. हे रस्त्यापलीकडे गाडीत एसी लावून बसलेले. लेक बाहेर आली ती एका दोन वेण्यांच्या ठमाकाकूचा हात धरून. मी आधी फ्रॉक चाचपला. कोरडा. तरी राहवेना, म्हणून विचारलं, शू लागली तेव्हा काय केलंस गं?

लेकीने त्या मुलीकडे बोट दाखवलं. ठमाकाकू माझं मराठी ऐकून इंग्रजीत म्हणाली, "शी टोल्ड मी इन मराठी, आंटी. आय टोल्ड टीचर."

मी भर उन्हात चड्ड्यांची पिशवी छातीशी धरून रडायला लागले. हे काच खाली करून घाबऱ्याघुबऱ्या विचारत होते, काय झालं, काय झालं?

"रिझल्ट लागला," मी म्हटलं. "शंभर टक्के."