उंडीच्या सावलीत मुलींनी बसू नये!

परवा मंगळवारी शाळेत जे झालं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही...

आमच्या हायस्कूलच्या मैदानात उंडीचं थोरलं झाड आहे. त्याला चिऱ्याचा पार, गार सावली, समुद्रावरचा वारा. मधल्या सुट्टीत सगळी शाळा तिथे डबे खाते. सगळी म्हणजे मुलगे! आम्ही मॅट्रिकच्या पाच मुली मात्र मोडके बाक आणि नकाशांच्या गुंडाळ्या ठेवलेल्या खोलीत घाम पुसत...

गेल्या आठवड्यात आम्हीही जाऊन बसलो पारावर. भाकरी खाल्ली, भूगोलाची वही उघडली, एवढंच. दुसऱ्या दिवशी फळ्यावर हेडमास्तरांची नोटीस: मुलींनी मैदानात बसू नये, मुलांचं अभ्यासावरून चित्त उडतं.

मधल्या सुट्टीत कसला हो अभ्यास? विटीदांडूचा? विलायतेत बायका विमानं चालवतात म्हणे, आणि रत्नागिरीत आम्ही सावलीत बसलो तर आभाळ कोसळतं! चित्त त्यांचं उडणार आणि कोंडून आम्हाला घालणार...

घरी आईपुढे रागाने रडले. आईने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. ती तांदूळ निवडत नुसती ऐकत राहिली. मला तिचाही राग आला.

मंगळवारी मधल्या सुट्टीत खिडकीतून पाहते तो काय... देवळातून परतणाऱ्या आमच्या आळीतल्या सात-आठ बायका फाटकातून सरळ आत! पुढे आमची आई, शेजारी खुद्द हेडमास्तरांच्या पत्नी, हेडमास्तरीणबाई. पारावरची मुलं पटापट उठली. न उठून सांगतात कोणाला? त्या बायकांत कोणाची आई होती, कोणाची काकू.

"कोंडून काय बसल्यात गो? या इकडे सावलीत!" आईने हाक मारली. आम्ही पाचही जणी धावलो.

हेडमास्तर तरातरा बाहेर आले. पारावर स्वतःचं कुटुंब पाहिलं, टोपी नीट केली आणि आल्या पावली परत फिरले. "वारा छान लागतो हो इथे," हेडमास्तरीणबाई त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. संध्याकाळी फळा पुसलेला होता.

माझा राग अजून गेलेला नाही. झाडाच्या सावलीसाठी आयांना यावं लागावं, ही काय रीत झाली?

पण एक सांगते... आमचं घर शाळेच्या दगडी कुंपणाला, गडग्याला, लागून आहे. लग्न होऊन आल्यापासून अठरा वर्षांत आई त्या फाटकातून आत पहिल्यांदाच आली. निघताना तिने हळूच विचारलं, "तुझा बाक कुठला गो?" मी वर्गात नेऊन दाखवला. तिने पदर सावरला आणि घंटा होईपर्यंत त्या बाकावर बसून राहिली.