ऑर्विलचा अंगठा

नदी गोठली की बर्च लँडिंगमध्ये दोनच माणसांना भाव यायचा. एक पाद्री आणि दुसरा ऑर्विल क्विगली. माणूस मेल्यावर पाद्रीचं काम, मरू नये म्हणून ऑर्विलचं. त्यामुळे ऑर्विलच्या दारात गर्दी जास्त.

दार म्हणजे काय, पत्र्याची एक शेड. आत तेलाची शेगडी, छताला टांगलेल्या जाड चाकांच्या सायकली आणि मधोमध एकसष्ट वर्षांचा ऑर्विल. दाढीत खारवलेल्या माशाचा कण अडकलेला, तोंडाचा पट्टा चालू. अलास्काच्या या कोपऱ्यात रस्ता नाही. हिवाळ्यात नदी हाच रस्ता. बर्फगाड्या होत्या, पण त्या पेट्रोल पितात नि ऐनवेळी रुसतात. तेव्हा निम्मं गाव या फुगीर टायरांच्या सायकलींवर बसून टपाल आणायला, मासे पकडायला, पलीकडच्या तीराला भांडायला जायचं.

ऑर्विलचे नियम गावाला पाठ होते. निघताना थंडी वाजलीच पाहिजे; दारातच ऊब वाटली तर दोन मैलांवर घाम येणार, आणि घाम आला की समजायचं स्वतःच्या अंगावर स्वतःच पाणी ओतलं. पायात आधी पातळ मोजा, त्यावर पावाची प्लॅस्टिकची पिशवी, मग लोकर. पाण्याची बाटली कोटाच्या आत, तीही उलटी, म्हणजे बर्फ बुडाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं. बर्फावर करडा डाग दिसला की वळायचं. खाली पाणी आहे. मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमधलं ग्रीस ऑक्टोबरातच धुऊन पातळ तेल घालायचं, नाहीतर उणे तीसला पेडल नुसतं गरगरतं आणि सायकल जागची हलत नाही. दुकानदार गसने एकदा हा नियम मोडला होता. नदीच्या मध्यावर चाक मोकळं करायला त्याच्याकडे गरम असं एकच पाणी होतं. त्याने ते वापरलं. ‘सायकल चालली, पण गावाने वर्षभर तिला टेकायला जागा दिली नाही,’ हे ऑर्विल गससमोरच सांगायचा.

या सगळ्या नियमांचा राजा म्हणजे हवा. मऊ बर्फावर टायर कडक असेल तर ते सुरीसारखं रुततं, फारच मऊ असेल तर चिखलातल्या म्हशीसारखं लोळतं. मधला तो बिंदू ऑर्विलच्या उजव्या अंगठ्यात होता. तो टायर दाबायचा, डोळे मिटायचा, सुस्कन थोडी हवा सोडायचा आणि म्हणायचा, “जा.” त्यानंतर वरच्या खानावळीपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस मैल, हवा भरायच्या झडपेला कुणी हात लावायचा नाही. यात भक्ती होती, पण शहाणपणही होतं. कडाक्यात झडप उघडली की तोंडाची वाफ तिच्यात गोठते, ती मिटत नाही आणि सगळी हवा निघून जाते. मापकाने हवा मोजणाऱ्यांना ऑर्विल ‘ताप बघणारे’ म्हणायचा.

तो अंगठा मेला तो एका मार्चमध्ये. आणि मेला तो हौसेने.

शहरातून चार पाहुणे आले होते. त्यांना अंगठ्याचा फोटो हवा होता. उणे अडतीस, वर नदीवरचा वारा. ऑर्विल हातमोजा काढून एकेका टायरवर अंगठा ठेवून उभा राहिला. “जरा डावीकडे. आता हसा. आता तो अंगठा वर.” अर्धा तास. कातडी आधी पांढरी झाली, मग काळी झाली, मग गळून गेली. नवी आली ती गुलाबी, गुळगुळीत, दिसायला अगदी तान्ह्या बाळाची. फक्त तिला काही कळत नव्हतं.

हे त्याच्या बायकोला, रोवेनाला, समजलं ते वासावरून. ऑर्विल शेगडीशी उभा राहून बोलत होता, अंगठा तापल्या लोखंडावर टेकलेला.

“काय जळतंय?” ती म्हणाली आणि तिनेच त्याचा हात ओढला.

अंगठ्यावर टम्म फोड आला होता. मग रोवेना म्हणाली, “लोकांना सांग.”

“काय सांगू? मास्तर आंधळे झाले म्हणून?”

“हो. मास्तर आंधळे झाले तर मुलांना कळायला हवं.”

त्याने सांगितलं नाही. टपालाने एक आकडे दाखवणारं मापक मागवलं, पुडक्यावर बायकोचं नाव घातलं आणि ते कॉफीच्या डब्यात लपवलं. शेडमध्ये कुणी नसताना तो मापकाने हवा मोजायचा आणि गिऱ्हाईक आलं की डोळे मिटून अंगठा टेकवायचा. डिसेंबर निघाला, जानेवारी निघाला. कुणी रुतलं नाही. त्याला वाटलं, निभलं.

फेब्रुवारीच्या शेवटी नदीवरची शर्यत असते. खानावळीपर्यंत जायचं, रव्याची खीर खायची, परत यायचं. सकाळी उणे एकतीस होतं. दोन दिवस बर्फ पडून वाट पिठासारखी भुसभुशीत झालेली. त्या वर्षी डेल्फिन मॅकारने नाव दिलं होतं. ही शाळेत स्वयंपाक करायची. वय छप्पन्न, जिभेला धार. ऑर्विलच्या घरापासून तिचं घर तिसरं, आणि तीस वर्षं दोघांनी एकमेकांना चांगला शब्द बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. म्हणूनच ती त्याची सगळ्यात जुनी मैत्रीण.

तीरावर अकरा सायकली ओळीने उभ्या. ऑर्विल पहिल्याच सायकलीपाशी वाकला, बाहीत लपवलेलं मापक झडपेला लावलं. आकडे उमटलेच नाहीत. थंडीने काच कोरी पडली होती. पाठीमागे अकरा जण आणि सगळं गाव. त्याने मापक बाहीत सरकवलं, अंगठा टायरवर ठेवला, डोळे मिटले. कोऱ्या पाटीवर हात ठेवावा तसं. काही नाही.

“जा,” तो म्हणाला.

पहिल्या दहा जणांची टायरं डोळ्यांनीच कळण्यासारखी होती. बसल्यावर बाजूला सुरकुती पडत होती. डेल्फिनची सायकल शेवटची, आणि ती आदल्या दिवशी स्वतः पंप मारून बसली होती.

“अरे, माझं जरा कडक वाटत नाही का?”

“अंगठा तुझा की माझा?”

“तुझाच रे बाबा. एवढं एकच तर आहे तुझ्याकडे.”

लोक हसले. तिला बसवून सुरकुती बघायला चार क्षण लागले असते. पण तसं बघणं म्हणजे ‘ताप बघणाऱ्यांचं’ काम, आणि सगळं गाव बघत होतं. त्याने अंगठा दाबला, थोडीशी हवा सोडली, किती ते देव जाणे, आणि म्हणाला, “जा.”

नऊ मैलांवर वाट मऊ झाली. बाकीच्यांची चाकं बर्फावरून तरंगली, डेल्फिनचं चाक रुतलं. ती उतरली, ढकललं, बसली, पुन्हा रुतलं. असं पाच मैल. झडपेला तिने हात लावला नाही. ऑर्विलने ‘जा’ म्हटलं होतं. ढकलताना घाम आला. थांबली तेव्हा घाम गोठला. पिशव्यांच्या आत पाय ओले. बर्फगाडीवरून मागून येणाऱ्या दोघांना ती दुपारी दिसली, सायकलीवर हात ठेवून उभी, तोंडाने स्वतःलाच शिव्या देत. पायात बूट आहेत की नाहीत, हेही तिला सांगता येत नव्हतं.

विमानाने तिला शहरात नेलं. आमच्याकडे म्हणतात, हिमाने चावलेलं हिवाळ्यात कापत नाहीत. काय जगतं ते बघत उन्हाळा गाठतात. बर्फ फुटून नदी वाहायला लागली तेव्हा कापलं. दोन्ही पावलांचा पुढचा अर्धा भाग.

ती परत आली ती चाकांच्या खुर्चीवर. पहिल्या आठवड्यात गाव लोटलं. मूस हरणाच्या रस्स्याची भांडी ठेवायला टेबल पुरेना. ऑर्विल सगळ्यांत शेवटी गेला. डेल्फिन खिडकीशी बसून गोधडी शिवत होती.

“ये, म्हाताऱ्या. बूट बाहेर काढ. माझे बघ, काढायची भानगडच संपली.”

तो उभाच राहिला.

“तोंड का पाडलंस? चूक माझी. तू शंभरदा सांगितलंस, घाम येऊ द्यायचा नाही. मी ढकलत बसले गाढवासारखी. बघ, गसला वाटतंय टायर कडक होतं. मी म्हटलं, मेल्या, ऑर्विलचा अंगठा बसलाय त्यावर.”

तिच्या रागाची तो तीन महिने तयारी करत होता. विश्वासाची तयारी त्याने केली नव्हती.

त्याने तिच्या हातातली सुई काढून घेतली. उजव्या अंगठ्याच्या मांसात ती टोचली आणि नेढ्यापर्यंत आत ढकलली. चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. रक्ताचा थेंब गोधडीवर पडला.

डेल्फिनने रक्त लागलेली गोधडी बाजूला सारली.

“कधीपासून?”

“गेल्या वर्षीच्या मार्चपासून.”

“म्हणजे माझं चाक...”

“मला काही कळलं नव्हतं.”

“मी विचारलं होतं तुला.”

“हो.”

“मी म्हटलं होतं, कडक वाटतंय.”

“हो.”

बाहेर नदीतून वाहत आलेला एक मोठा ओंडका तीरावर आपटला. डेल्फिनने हात पुढे केला. “सुई दे माझी.” त्याने ती काढून पुसून दिली. “आता शेगडीत लाकूड टाक आणि जा. गावाला तू सांग. मी नाही सांगणार, तुझं काम सोपं करायला.”

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याने सांगितलं, तर लोक हसले. ऑर्विल आहे, काहीतरी टूम काढली असणार. गस म्हणाला, “मग माझी ती सायकलही तुझ्याच अंगठ्याने बाटली का रे?” ऑर्विलला तिथेही सुई मागून घ्यावी लागली. मग कुणी हसलं नाही. गसने काउंटरवरचं रक्त पुसलं आणि आत निघून गेला.

शेड बंद झाली नाही. साखळ्या तुटतात, फ्रीव्हील धुवावी लागतात, माणसं येतातच. पण टायर घेऊन कुणी येईना. ते मापक त्याने दाराबाहेर खिळ्याला टांगलं, आणि त्यावर लिहिलं: आधी उबेत ठेवा, मग बघा.

ऑक्टोबरात नदीवर पहिली साय धरली तेव्हा तो एक सायकल घेऊन डेल्फिनकडे गेला. पुढचं चाक तिच्या खुर्चीच्या दांडीला टेकवलं.

“हे काय?”

“दाब. तुला शिकवतो. तू इथे बसून बघशील, लोक येतील. तुझ्या हाताला कळतं सगळं.”

डेल्फिनने आधी चाकाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“पाय नेलेस. आता अंगठाही पाहिजे?”

सायकल उचलून तो दाराकडे वळला.

“राहू दे ती तिथेच,” ती मागून म्हणाली. “तू जा.”

सायकल अजून तिथेच आहे. त्या हिवाळ्यात शर्यतीला सहा जणच उतरले, ज्याने त्याने आपापली हवा पाहिली आणि दोघं अर्ध्यातून परतले. ऑर्विल तीरावर उभा होता, हात हातमोज्यात. डेल्फिनच्या खिडकीत पडदा उघडा होता. ती शिवत होती. मधूनच, दोरा संपला की, हात लांब करून ती टायर दाबायची. काय कळतंय ते तिने कुणालाच सांगितलं नाही.