भाऊजींचं हृदय बंद पडलं होतं का?

मी चंद्रपुरातल्या एका खाजगी दवाखान्यात कोडिंग करते. डॉक्टरांनी केसपेपरवर जो आजार लिहिला, त्याचा ठरलेला कोड कॉम्प्युटरवर टाकायचा. न लिहिलेलं आपल्या मनानं लावायचं नाही.

एका उन्हाळ्यात भद्रावतीचा एक माणूस त्याच्या भाऊजींच्या डिस्चार्जचा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. त्यानं फॅक्टरीत प्रथमोपचाराचं ट्रेनिंग घेतलं होतं. नागभीडच्या लग्नात त्याचे भाऊजी पंगतीतून उठताना कोसळले, तेव्हा अँब्युलन्स येईपर्यंत यानं त्यांची छाती दाबली होती. अख्ख्या मांडवानं त्याला जीवदाता ठरवलं. कागदावर मात्र होतं: चक्कर, आणि छाती दाबल्यानं बरगडी मोडली.

"मॅडम, इथी कार्डियाक अरेस्ट लिहा," तो म्हणाला. "चक्कर लिहान तं मी काय केलं? भाऊजीची बरगडी मोडली, बस?"

मी म्हटलं, हृदय बंद पडलं होतं असं डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय मला तो कोड लावता येत नाही. तेवढ्यात छाती धरून भाऊजी आले, मागून त्यांची बायको, म्हणजे याची बहीण. भाऊजींचं म्हणणं, हृदय मुळीच बंद पडलं नव्हतं. त्यांना सगळं ऐकू येत होतं. मेहुणा म्हणाला, मेल्या माणसाले काय ऐकू येते? वाद मिटेना, म्हणून मी डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी विचारलं, काय ऐकलं?

"हा मोजून राह्यला होता. सोळा झाले का सीधा अठरा. दर खेपेले सतरा गाळे."

बायकोनं पदर तोंडाला लावला. मेहुण्यानं हळूच बोटांवर मोजून पाहिलं.

"मंग थांब काऊन नाई म्हटलं?" बायकोनं नवऱ्याला विचारलं.

"तोंड उघडलं का हा दाबे."

डॉक्टरांनी सांगितलं, ही चक्करच. पण माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास घेताना दिसत नाही, तर दाबायलाच हवं. बरगडी जुळून येते. ते ऐकून मेहुण्याचा चेहरा जरा उजळला. मी चक्करचा कोड कायम ठेवला.

खिडकीतून पाहिलं तर भाऊजी त्याच्याच गाडीत बसत होते. आवारातल्या पहिल्याच गतिरोधकावर गाडी आपटली. भाऊजी उतरले आणि फाटकापर्यंत पायी गेले. मेहुणा गाडी त्यांच्या मागं मागं, अगदी हळू आणत होता.