झुंबरअक्काच्या मापाचा दांडा

आधारनाना लोहाराने बायकोवर, झुंबरअक्कावर, कुऱ्हाड उगारली, ही बातमी मला सकाळी माझ्या पिठाच्या गिरणीत मिळाली. वच्छलाबाई ज्वारीचा डबा खाली ठेवता ठेवता म्हणाली, "भर गल्लीत, सुकदेवभाऊ. ती पुढे अन् हे मागे." दुपारपर्यंत असोद्याच्या बस थांब्यावर अक्काला टाके पडले होते. बातमी बसमध्ये बसून जळगावला पोचली तेव्हा नाना फरार झाले होते.

नाना फरार नव्हते. गिरणीला लागूनच त्यांचं लोहारकामाचं छप्पर आहे, तिथे ते चहात टोस्ट बुडवत बसले होते. अक्का त्यांच्या घराच्या ओट्यावर मेथी निवडत होती. आणि कुऱ्हाड म्हणाल तर ती अजून घडायचीच होती. नानांच्या हातात सकाळी होता तो नुसता बाभळीचा दांडा. इतकी चांगली बातमी हातची गेली म्हणून मला जरा वाईटच वाटलं.

आमच्याकडे कुऱ्हाडीचा दांडा माणसाच्या मापाने करतात. जो ती चालवणार त्याच्या कामाच्या हाताला, काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत, दांडा लावून बघायचा आणि तिथे खूण करायची. नाना सकाळी अक्काच्या मागे गेले ते माप घ्यायला. पण जन्माच्या सवयीने गेले उजव्या बाजूला. अक्काचा उजवा हात गेल्या वर्षीच्या लकव्यानंतर पदराखाली असतो, तो ती कुणाला दाखवत नाही. "हात सरळ कर बरं," नाना भर गल्लीत म्हणाले. अक्का तरातरा चालू लागली. नानांना कमी ऐकू येतं, म्हणून आपलं बोलणं सगळ्यांनाच कमी ऐकू येतं असं त्यांना वाटतं. तेही मागे निघाले. पुढचं काम वच्छलाबाईने केलं.

त्या हाताची गोष्ट सांगायला हवी. अक्का धुळ्याकडची. नव्या नवरीची हळद उतरायच्या आत सासऱ्याचा खांदा आखडला आणि घण तिच्या हातात आला. तेव्हापासून नाना बसून सांडशीत लोखंड धरणार आणि छोट्या हातोडीने त्यावर एक टोला देणार. तो टोला जिथे पडला, तिथेच अक्काने उभं राहून घण घालायचा. हातोडी रिकाम्या ऐरणीवर वाजली की थांबायचं. घरात वांग्याच्या भाजीतल्या मिठावरून या दोघांचे आवाज माझ्या गिरणीच्या वर जात, पण भट्टीपाशी शब्द नाही. सगळं बोलणं हातोडी करायची. पंचक्रोशीत नाव मात्र झालं आधार लोहाराचं.

लकव्यानंतर अक्काने त्या छपरात पाय ठेवला नाही. ओट्यावरसुद्धा भट्टीकडे पाठ करून बसायची. नानाही मग विळे पाजवून देण्यापुरतेच उरले. धुळ्याहून मुलगा प्रेमराज येऊन गॅसची शेगडी बसवून गेला, पण अक्काची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी चुलीवरच होते, आणि चुलीला सरपण लागतं. ते फोडून द्यायला ती मला हाक मारायची. मी लगेच हो म्हणायचो आणि परवा फोडायचो.

"तिले कोनाले हाक मारनं जिवावर येतं," नाना मला म्हणाले. "एका हातानं चालंल अशी हलकी कुऱ्हाड करू. घण तू मार."

मी म्हटलं, मारतो. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा भट्टीत लाल झाला, नानांनी ऐरणीवर धरला, हातोडी वाजवली. मी घण घातला. नानांनी डावीकडे वाजवलं, मी मधे घातला. त्यांनी परत डावीकडे वाजवलं, मी ऐरणीवरच घातला. दांडा बसायचं भोक, ज्याला नेढं म्हणतात, ते कसंबसं झालं, पण पातं माझ्या घणाखाली तिरपं पसरू लागलं.

ओट्यावरून आवाज आला, "भाऊ, ती हातोडी जठे बोलस, तठे मार ना."

"अक्का, मला तिची भाषा येत नाही," मी म्हटलं. "आणि पाठ करून बसलेल्या माणसाला दिसतं कसं?"

"कान शेतंस ना माले."

पुढचे दोन घण तिने ऐकून घेतले. तिसऱ्याला ती उठली. पदराखालचा हात तसाच ठेवून छपरात आली आणि डाव्या हाताने नानांच्या हातातली छोटी हातोडी काढून घेतली. सांडशी माझ्याकडे दिली. मग नानांकडे बघून मानेनेच घण दाखवला.

नाना घणाकडे बघत राहिले. जन्मात त्यांनी तो उचलला असेल तो एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवायला. पण उचलला. अक्काने तापलेल्या पात्यावर टोला दिला. आधी अडखळत, डाव्या हाताने जरा बाजूला. नानांनी घण बरोबर त्याच्याच मागे घातला, बाजूला तर बाजूला. दोन-चार टोल्यांनंतर तिचा हात बसला. तिरपं पातं सरळ होऊ लागलं. नाना घामाघूम झाले, त्यांचा श्वास भात्यासारखा वाजू लागला, तरी रिकामी ऐरण काही वाजेना. मी अक्काकडे पाहिलं. ती हसत होती. पुरतं धापा टाकायला लावून मग तिने ऐरणीवर टण् केलं.

दुसऱ्या दिवशी नानांनी दांडा तासला, काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केला आणि अक्कासमोर उभे राहिले. या वेळी काही बोलले नाहीत. कुठल्या बाजूला जावं हेही त्यांना समजेना. अक्कानेच डावा हात लांब केला. मग बोटांच्या टोकाशी नानांनी कोळशाने खूण करायला जरा जास्तच वेळ घेतला. मी तिथेच होतो, पण त्या वेळी मला गिरणीतलं काम आठवलं.

दांडा नेढ्यात बसला, वरून पाचर ठोकली. अक्काने पहिलं लाकूड ओट्यासमोर, सगळ्या गल्लीच्या देखत फोडलं. दुसऱ्या घावाला फुटलं. वच्छलाबाई मुद्दाम थांबली होती.

मी म्हटलं, "अक्का, आता भट्टी परत चालू होणार म्हणायची. नानांसारखा कारागीर आणि घणही तेच मारणार."

अक्का नानांकडे बघत म्हणाली, "सारी उमर घण मी मारा, अन् लोक कारागीर यास्ले म्हनेत. आते माले समजनं, नुसती टुकटुक करानं काम किती सोपं शे."