टेस्टिंगपुरता आवाज

आमचे अण्णा पारनेरला कचेरीत कारकून. गाण्याचं भारी वेड. रेडिओवरच्या मैफिली घरी टेप करायच्या म्हणून कोऱ्या कॅसेटी आणायला खास एसटीनं नगरला जायचे. दुकानात ह्यांचा थाट काय विचारता! साठ मिनिटांचीच हवी, नव्वदची टेप पातळ असते, अडकते. पाच स्क्रूची हवी, चिकटवलेली नको. मुलगी बघायला आल्यासारखे एकेक कॅसेट उलटीपालटी करून बघायचे. मी शेजारी ताटकळत उभी.

घरी आलं की टेस्टिंग. "अगं, ये इकडं. म्हण दोन ओळी." आई कणकेच्या हातांनी तशीच यायची आणि टेपरेकॉर्डरसमोर बसून पाळणा म्हणायची. काय गोड गळा होता! अण्णा वाजवून बघायचे, मान डोलवायचे, तीसुद्धा टेपसाठी. मग कॅसेट मागं फिरवून त्याच जागेवर रेडिओ टेप करायचे. टेस्टिंगला रेडिओच का लावत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "ओळखीचा आवाज असला की टेपची खोट लगेच कळते."

पुढं मोबाईल आले, पण तोवर आईनं गाणं सोडलंच होतं. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढलं. आता ती खुणांनी बोलते. परवा माझी लेक म्हणाली, "आजी कशी गायची, ऐकव ना." कपाटातल्या सगळ्या कॅसेटी उपसल्या. जगातले गवई निघाले, आईची एक ओळ नाही. माझं डोकंच फिरलं.

"अण्णा, अहो, प्रत्येक कॅसेटवर आधी तीच होती! दर वेळी तुम्ही तिला पुसलंत!"

"ती काय गं, घरातच होती ना."

"घरात होती म्हणून पुसायची?"

मी किंचाळलेच. आई हातानं 'जाऊ दे' करत होती. त्याचा तर आणखी संताप आला. जन्मभर जाऊ देच करत आली ही बाई.

अण्णांनी माझ्या लेकीला माळ्यावरचा बिस्किटांचा डबा काढायला लावला. त्यात टेस्टिंगला नापास झालेली एक कॅसेट होती, दुकानदारानं परत न घेतलेली. खराब म्हणून तिच्यावर रेडिओ टेप केलाच नव्हता. लावली. नुसती खरखर, आणि मग आई. दीड ओळ. लगेच अण्णांचा आवाज, "बास, कळलं. पुरे."

अण्णा मान खाली घालून बसले. बसू देत. मला काडीची दया आली नाही.

आईनं टेपरेकॉर्डर स्वतःकडं ओढला. कॅसेट मागं फिरवली, पुन्हा लावली. दीड ओळ झाली, आणि अण्णांचं 'बास' यायच्या आत तिनं खटकन बटण दाबलं. मग परत मागं फिरवली.