दोन इंच

माझे वडील हाल्वोर ट्वाइटेन होड्या बांधत. अख्ख्या विस्कॉन्सिनात त्यांच्यासारखा रंधा कुणाचा चालत नाही, असं आमच्या सरोवरावरचे लोक म्हणत, आणि बाबांनाही ते मनापासून पटलेलं होतं. शर्यतीआधी प्रत्येक होडी मोजायचं कामही बावीस वर्षं त्यांच्याकडेच होतं. मी शिडं शिवायची आणि मोजताना टेपचं दुसरं टोक धरायची.

एकोणीसशे एक सालच्या उन्हाळ्यात ओटमार क्रूसेनं आपली नवी होडी धक्क्याला आणली. ओटमार हिवाळ्यात बर्फावर पळणाऱ्या शिडाच्या गाड्या बनवायचा. होडी बघून धक्काभर हशा पिकला. तिला नाकच नव्हतं. पुढून सरळ कापलेली, तळ सपाट, जणू पीठ मळायची काठवट. पाण्यात उतरणाऱ्या फळ्या दोन आणि सुकाणूही दोन.

"ओटमार, नाक कुठं विसरलास?" बाबांनी विचारलं.

"घरी ठेवलंय. सर्दी झालीय त्याला."

गुरुवारी सरावाच्या वेळी वारा सुटला. ओटमारची होडी कलली आणि आपल्याच एका लांब कडेवर तरंगत अशी सुसाट सुटली, की बाबांनी बांधलेली खोल कण्याची देखणी होडी बघता बघता मागे पडली. बाबा तेव्हा धक्क्यावर माझ्याशेजारीच उभे होते. त्यांनी पाइप विझवला आणि घरची वाट धरली.

शनिवारी मोजणी झाली. होडी सरळ उभी असताना पाण्याला टेकलेली लांबी वीस फुटांच्या आत हवी, हा नियम. पुढच्या खडूच्या खुणेवर मी टोक धरलं. मागे बाबांचा अंगठा खुणेच्या पलीकडे सरकला, तो मी पाहिला.

"वीस फूट दोन इंच," बाबा म्हणाले. "बाद."

"पुन्हा एकदा मोजतोस, हाल्वोर?"

"बावीस वर्षं मोजतोय मी."

ओटमारनं टोपी मागे सारली. "तू म्हणतोस म्हणजे असेल. माझीच चूक झाली असणार."

भांडला असता तर बरं झालं असतं.

नसलेले दोन इंच काढायला त्यानं आठवडाभर खपून पुढच्या तळाच्या फळ्या उचकटल्या, तळ वर वळवायला घेतला, आणि आतला मुख्य वासा तडकला. हे कळल्यावर बाबा त्याच्या शेडवर गेले. परत आले ते तोंड न धुता तसेच बाकावर बसून राहिले. "चांगली होती गं ती होडी," एवढंच म्हणाले.

शर्यतवाल्यांच्या पुढच्या सभेत त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं. लोक ओशाळून हसले. "अरे, दोन इंचांचं काय एवढं!" कुणीतरी म्हणालं. त्या हसण्यानं बाबांची मान आणखी खाली गेली. मी शेवटच्या बाकावर होते. टेपचं दुसरं टोक कुणी धरलं होतं, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ओटमार उठून गेला.

मोजणीचं काम बाबांनी सोडलं. नोव्हेंबरात ओटमार आमच्या दारात आला. मी आत या म्हटलं, तरी आला नाही.

"दुसरी बांधतोय. मला एकट्याला जमणार नाही. येतोस?"

"माझं तोंड बघवेल तुला?"

"तोंडाचं काय करायचंय? मला हात हवेत."

तो अख्खा हिवाळा बाबा गोठलेलं सरोवर चालत ओलांडून जात. दोघं फक्त लाकडाबद्दल बोलत. दुपारी ओटमारची बायको वाटाण्याचं सूप द्यायची. बाबा ते वाकून, पटापट संपवायचे.

उन्हाळ्यात ती दुसरी होडी सगळ्यांना मैलभर मागे टाकून आली. धक्क्यावर टोप्या उडाल्या. कुणीतरी बाबांची पाठ थोपटली, "वा हाल्वोर, काय बांधलीस!"

"ओटमारची आहे ती," बाबा म्हणाले, आणि बक्षीस द्यायच्या आधीच मागच्या वाटेनं घरी निघून आले.