पाटीकाकांची राहिलेली फेरी

पाटीकाका कुठल्याही ऐतिहासिक जागी गेले की आधी पाटी वाचत आणि मग तिच्या मागे जाऊन बघत. कुणी लावली, कधी लावली. टेक्सासमधल्या शुगर लँडच्या आम्हा मराठी मंडळींत त्यांचं नाव त्यावरूनच पडलं. निवृत्त इंजिनिअर, बायको जाऊन चार वर्षं झालेली. कुणाचे आईवडील सहा महिन्यांसाठी आले की त्यांना सॅन अँटोनिओ दाखवून आणायचं, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं.

माझी आई आली तेव्हा बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. आम्ही तिघं गेलो. तीन तासांचा ड्राइव्ह, मग नदीकाठची जुनी दगडी चर्चं. काका म्हणाले, "आधी स्पेन, मग मेक्सिको, मग टेक्सासवाले, मग हे अमेरिकावाले. जो आला त्याने आधीच्याला चोर ठरवलं. पाटीवर विश्वास ठेवायचा नाही."

"तुम्ही सत्यनारायणाच्या पोथीलाही पुरावा मागाल," आई म्हणाली.

"मागितला होता. प्रसाद मिळाला नाही."

आई हसली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. मला बरं वाटायला हवं होतं. मी मात्र टिपत होतो, की सकाळी 'भाऊजी' म्हणणारी आई परतताना नुसतं 'अहो' म्हणतेय.

दोन चर्चं बघायची राहिली. पुढच्या शनिवारी आम्ही दोघंच जाऊन येतो, असं काकांनी मला सरळ सांगितलं. त्या सरळपणाचाच मला संशय आला. त्या आठवड्यात आईचा फोन वाजला की मी टीव्हीचा आवाज कमी करायचो. लोक काय म्हणतील, याची चिंता मी करत होतो. लोक काहीच म्हणत नव्हते.

शुक्रवारी मी काकांना सांगितलं, आईला बरं नाही. आईला सांगितलं, काका महिनाभर मुलाकडे शिकागोजवळ नेपरव्हिलला गेलेत. आणि काहीतरी कारण काढून तिचं तिकीट दोन महिने प्रीपोन केलं. काकांनी मला काही विचारलं नाही. पुढे कधीही भेटले की आईची तब्येत तेवढी विचारत.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. आईला ते सांगायला मी तीन आठवडे लावले, आणि सांगताना बाकीचंही सांगून टाकलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना फोन केला होता. घरीच होते."

मग तू काही बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

"मी तुझ्या घरात राहत होते ना रे."